अपघाती दुखापत आणि नुकसानभरपाईचा कायदा : सोलापुरातील श्रमिकांच्या उत्पन्नक्षमतेच्या संदर्भात

प्रस्तावना

अपघातात हात किंवा पाय कायमचा निकामी झालेल्या व्यक्तीस कायदा काय देऊ शकतो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोसलेल्या वेदनांसाठी काही रक्कम, असे त्याचे उत्तर सर्वसाधारणपणे दिले जाते. प्रत्यक्षात न्यायाधिकरणासमोर येणाऱ्या दुखापतीच्या दाव्यांत सर्वांत मोठी रक्कम यांपैकी कोणत्याही सदराखाली येत नाही. ती भावी उत्पन्नक्षमतेच्या हानीपोटी मिळते, आणि ती सिद्ध करण्याचा भार जखमी व्यक्तीवरच असतो. ज्या शहरातील मोठा वर्ग यंत्रमागावर, विडी वळण्यावर, रिक्षावर आणि रोजंदारीवर जगतो, तेथे हा भार पेलणे विशेष कठीण असते. प्रस्तुत लेखात सोलापूर शहर व जिल्हा समोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. महाविद्यालयीन अध्यापकांस हा विषय परका नाही. अपघातानंतर कुटुंबातील विद्यार्थी असलेला मुलगा किंवा मुलगीच अनेकदा कागदपत्रे घेऊन धावपळ करीत असते आणि पहिला सल्ला शिक्षकांकडेच मागितला जातो.

शरीराची टक्केवारी आणि पोटाची टक्केवारी

जिल्हा रुग्णालयातून मिळणाऱ्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर एक टक्केवारी लिहिलेली असते. ती शरीराच्या, किंवा बहुधा एखाद्या अवयवाच्या, कार्यहानीची असते. शासकीय सवलतींसाठी तेवढे पुरेसे ठरते. नुकसानभरपाईसाठी मात्र ती आकडेवारी केवळ प्रारंभबिंदू होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये दिलेल्या व पुढील वर्षी प्रकाशित झालेल्या ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निर्णयात हा भेद अत्यंत स्पष्टपणे मांडला आहे. एखाद्या व्यक्तीचा डावा हात गेला, तर ती व्यक्ती सुतार किंवा वाहनचालक असल्यास तिची उत्पन्नक्षमता जवळजवळ पूर्णपणे नष्ट होते. तीच व्यक्ती शासकीय सेवेतील लिपिक असेल, तर तिची नोकरी व वेतन अबाधित राहू शकते. शारीरिक अपंगत्व दोघांचेही सारखेच असते, परंतु भरपाई सारखी असू शकत नाही. म्हणून न्यायाधिकरणाने तीन गोष्टी पाहाव्यात असे न्यायालयाने सांगितले : दुखापतीनंतर त्या व्यक्तीस कोणती कामे करता येतात व कोणती नाहीत, अपघातापूर्वी तिचा व्यवसाय कोणता होता, आणि आता ती त्या किंवा अन्य व्यवसायात कितपत कमावू शकते.

हा विचार नवा नव्हता. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ खालील एका प्रकरणात १९७० च्या दशकातच सर्वोच्च न्यायालयाने कोपराच्या वर डावा हात कापावा लागलेल्या सुतारास पूर्ण अपंग मानले होते. हे अपंगत्व आंशिक आहे, असे मालकाचे म्हणणे होते. एका हाताने सुतारकाम करता येत नाही, या साध्या वस्तुस्थितीपुढे तो युक्तिवाद टिकला नाही.

सोलापूरच्या संदर्भात सुताराच्या जागी यंत्रमाग कामगार ठेवून पाहिल्यास या तत्त्वाचा आर्थिक अर्थ ध्यानात येतो. उदाहरणादाखल ३४ वर्षांचा, महिना १५,००० रुपये कमावणारा एक मागवाला कल्पावा. रस्ता अपघातात त्याच्या उजव्या हाताची पकड गेली असून वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार त्याचे अपंगत्व ४० टक्के आहे. ‘प्रणय सेठी’ प्रकरणातील २०१७ च्या निर्णयानुसार चाळीस वर्षांखालील स्वयंरोजगारी किंवा ठराविक मजुरीवरील व्यक्तीच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवले जातात. दुखापतीच्या दाव्यांतही ही वाढ देय आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे मासिक उत्पन्न २१,००० व वार्षिक उत्पन्न २,५२,००० रुपये धरावे लागेल. ‘सरला वर्मा’ प्रकरणातील २००९ च्या तक्त्यानुसार ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक १६ आहे. दोहोंचा गुणाकार ४०,३२,००० होतो. जखमी व्यक्ती हयात असल्याने वैयक्तिक खर्चापोटी वजावट होत नाही. आता प्रमाणपत्रातील ४० टक्के जसेच्या तसे स्वीकारले, तर या सदराखाली १६,१२,८०० रुपये मिळतात. तुटलेला धागा सांधणे, कांडी बदलणे, चालू मागावर हात फिरवणे ही कामे त्याला यापुढे अशक्य आहेत आणि दुसरे कौशल्य त्याच्याजवळ नाही, असे पुराव्याने दाखवून उत्पन्नक्षमतेची हानी ८० टक्के ठरली, तर हीच रक्कम ३२,२५,६०० होते. अपघात तोच, हात तोच. सोळा लाखांहून अधिक रकमेचा फरक केवळ पुराव्याने पडतो.

उलट दिशेनेही हे तत्त्व लागू होते, हे विसरता कामा नये. ‘राजकुमार’ प्रकरणातील जखमी हा पनीर विकणारा फेरीवाला होता. त्याच्या डाव्या पायाचे अपंगत्व प्रमाणपत्रात ४५ टक्के दाखवले होते, परंतु न्यायालयाने उत्पन्नक्षमतेची हानी २० टक्केच धरली. अवयवाच्या टक्केवारीला संपूर्ण शरीराची टक्केवारी समजणे, ही चूक दाव्यांत वारंवार आढळते. नियमित वेतन घेणाऱ्या प्राध्यापकाचा पाय अधू झाला आणि त्याची सेवा चालू राहिली, तर भावी उत्पन्नाच्या सदराखाली त्यास फारसे काही मिळणार नाही. वेदना, जीवनातील आनंदास मुकणे, उपचार आणि काही निर्णयांनुसार खर्ची पडलेली अर्जित रजा, यांवरच त्याचा दावा उभा राहील.

कागद नसलेल्या कमाईचा प्रश्न

वरील उदाहरणात १५,००० हा आकडा गृहीत धरला होता. न्यायाधिकरणासमोर तो सिद्ध करावा लागतो आणि बहुतेक दाव्यांची कसोटी येथेच लागते. सोलापुरातील यंत्रमाग कारखाने मोठ्या प्रमाणात लहान व विखुरलेले आहेत. मजुरी बऱ्याचदा रोख मिळते आणि कामगाराचे नाव हजेरीपत्रकावर असेलच असे नाही. यंत्रमाग कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न शहरात वर्षानुवर्षे गाजला. त्याकडे निवृत्तीनंतरच्या रकमेचा प्रश्न म्हणूनच पाहिले गेले. निधीचे खाते हा मजुरीचा अधिकृत पुरावाही असतो आणि अपघाताच्या दिवशी तो सर्वाधिक उपयोगी पडतो, ही बाजू त्या चर्चेत मागे राहिली.

या बाबतीत विडी कामगार स्त्रियांची स्थिती काहीशी बरी म्हणता येईल. घरी बसून विड्या वळणाऱ्या या स्त्रियांची मजुरी तुटपुंजी असली, तरी संघटित लढ्यांमुळे त्यांतील अनेकींजवळ ओळखपत्र व निधीचे खाते असते. दिवसाला किती विड्या दिल्या आणि त्यांचे किती पैसे झाले, याची नोंदही असते. बोटांच्या दुखापतीचा विडी वळण्याच्या गतीवर होणारा परिणाम अशा नोंदींवरून जवळजवळ अंकगणिताने दाखवता येतो. अपघातापूर्वीच्या व नंतरच्या महिन्यांची तुलना एवढेच त्यासाठी पुरे. हा मार्ग अद्याप पुरेसा वापरला जात नाही, ही खेदाची गोष्ट होय.

कागद नाही म्हणून उत्पन्न नाही, असे मात्र कायदा मानत नाही. २०११ मध्ये एका हमालाच्या व २०१४ मध्ये पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे दाखवून दिले की, असंघटित क्षेत्रातील माणसाने सांगितलेली कमाई वाजवी असेल, तर केवळ पावती नाही म्हणून ती कापू नये. वेतनाचा दाखला नसल्यास किमान वेतनाची अधिसूचना मार्गदर्शक ठरू शकते, पण ती अंतिम मर्यादा नव्हे, असेही २०२१ च्या एका निर्णयात म्हटले आहे. गृहिणीच्या बाबतीत तर घरकामाचे मूल्य हा आता वादाचा विषय राहिलेला नाही. जानेवारी २०२१ मधील ‘कीर्ती’ प्रकरणात घरातील स्त्रीच्या श्रमाचे आर्थिक मूल्य मान्य करणे हे समतेच्या तत्त्वाशी सुसंगत असल्याचे न्यायालयाने सांगितले. तरीही दाव्यात ‘व्यवसाय : काही नाही’ असे लिहिण्याची सवय जात नाही. अशी नोंद असलेला दावा पहिल्याच पानावर दुबळा होतो.

प्रत्यक्षात उपयोगी पडणारे पुरावे साधे असतात. शेजारच्या मागावर काम करणाऱ्या सहकाऱ्याची साक्ष, मालकाची वही, बँक खात्यात दर आठवड्याला भरलेली छोटी रक्कम, बचतगटाचे पुस्तक, रिक्षाच्या कर्जाचे फेडलेले हप्ते, मुलांच्या शुल्काच्या पावत्या, यांतून कमाईचे चित्र उभे राहू शकते. अपंगत्वाबाबत मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष जवळजवळ अपरिहार्य ठरते. दाव्यासाठीच म्हणून, कधीही उपचार न केलेल्या डॉक्टरांकडून आणलेल्या प्रमाणपत्राकडे न्यायालये संशयाने पाहतात. डॉक्टरांना त्यांच्या कामातून न्यायालयात येणे अवघड जाते, हे खरे आहे. म्हणूनच त्यांची तपासणी लवकर व ठरलेल्या वेळी उरकावी किंवा ती आयुक्तामार्फत करावी, अशी सूचना ‘राजकुमार’ निर्णयात केलेली आहे.

रुग्णालयातील पहिली नोंद

दावा न्यायालयात नव्हे, रुग्णालयाच्या अपघात विभागात सुरू होतो असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जखमी बेशुद्ध असतो, सोबतचा नातेवाईक घाबरलेला असतो आणि नोंद घेणाऱ्या डॉक्टरांपुढे रांग असते. ‘गाडीवरून पडला’ एवढेच सांगितले जाते व तसेच लिहिले जाते. पुढे दुसऱ्या वाहनाने धडक दिल्याचा दावा केला, की विमा कंपनीचे वकील नेमकी हीच ओळ दाखवतात. मोटार अपघाताच्या दाव्यात फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. शक्यतांचा कौल कोणत्या बाजूस झुकतो एवढेच पाहिले जाते. प्रथम खबर उशिरा दिली एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असेही २०११ मध्ये ठरलेले आहे. तरीही पहिल्या तासात लिहिलेली चुकीची ओळ पुसून काढण्यास साक्षीदारांची फौज लागते.

मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीतील विमाविषयक प्रकरण व त्याखालील नियम १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. त्यांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणास सादर करावयाचा असतो. जखमीस त्याच्या हक्कांची माहिती देणारे प्रपत्रही द्यावयाचे असते. हे प्रपत्र मागून घेता येते, हे बहुतेकांस ठाऊक नसते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेखाली अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची सोयही झाली आहे. ती उपचारांपुरती आहे, भरपाईची जागा ती घेत नाही.

याच काळात ‘आपसात मिटवण्याचा’ आग्रह होतो. वाहनमालक रुग्णालयाचे देयक भरतो आणि कागदावर सही घेतो. गावकीच्या दबावाखाली ती दिली जाते. हाडे जुळण्यापूर्वी अपंगत्व किती राहील हे अस्थिरोगतज्ज्ञही सांगू शकत नाहीत. अशा वेळी केलेली तडजोड ही आंधळेपणाने केलेली विक्री ठरते. लोकअदालतीतील तडजोडीचे तसे नाही. उपचार पूर्ण झाल्यावर, कागद हाती असताना आणि वर दाखवलेला हिशेब करून झालेली तडजोड अनेकदा वर्षानुवर्षांच्या अपिलापेक्षा हिताची असते.

मुदत, न्यायाधिकरण आणि अपील

१९८८ च्या मूळ अधिनियमात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. ती १९९४ मध्ये काढून टाकण्यात आली. जवळजवळ तीन दशके मुदतच नसल्याने ‘कधीही दावा करता येतो’ ही समजूत पक्की झाली. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मर्यादा पुन्हा आली आहे. तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर विलंब करणे शहाणपणाचे नाही.

सोलापूर हा सीमावर्ती जिल्हा असल्याने अधिकारक्षेत्राची तरतूद येथे विशेष महत्त्वाची ठरते. विजयपूर, कलबुर्गी किंवा हैदराबादच्या रस्त्यावर जखमी झालेल्या सोलापूरकराने दावा कर्नाटक किंवा तेलंगणातच करावा असे बंधन नाही. अपघाताचे ठिकाण, दावेदाराचे निवासस्थान अथवा व्यवसायाचे ठिकाण आणि प्रतिपक्षाचे निवासस्थान, यांपैकी कोठेही तो दाखल करता येतो. पोलिसांचे कागद कन्नड किंवा तेलुगूत असतात व त्यांचे भाषांतर करून घ्यावे लागते, एवढीच अडचण. अपिलासाठी मुंबईस जाण्याची वेळ मात्र आता येत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट खंडपीठ सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे.

धडक देऊन वाहन पळून गेले व त्याचा शोध लागला नाही, तर जबर दुखापतीसाठी ५०,००० व मृत्यूसाठी २ लाख रुपये ठरलेले आहेत. त्यासाठीचा अर्ज महसूल यंत्रणेमार्फत होतो. पंढरपूरच्या वाटेवर पायी चालणारे वारकरी आणि पहाटे कामास निघालेले मजूर यांच्या संदर्भात ही रक्कम किती अपुरी आहे, हे वरील ३२ लाखांच्या हिशेबाशेजारी ठेवले म्हणजे कळते. वाहनाचा क्रमांक टिपून ठेवणाऱ्या वाटसरूची किंमत याच फरकाएवढी असते. हंगामात रात्रीच्या वेळी उसाने भरलेल्या, मागे दिवा वा परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यात उभ्या असतात. त्यांवर आदळून जखमी होणाऱ्या दुचाकीस्वाराच्या दाव्यात दुचाकीस्वाराचाही अंशतः दोष काढला जातो. ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या विम्याचा वादही उपस्थित होतो. पंचनाम्यात परावर्तक नसल्याची नोंद आणि छायाचित्र असेल, तर यातील निम्मे वाद तेथेच मिटतात.

कामावरील अपघात

यंत्रात हात सापडून झालेल्या दुखापतीचा मार्ग वेगळा आहे. येथे मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. दुखापत कामामुळे व काम करताना झाली एवढे पुरते. शतकभर यासाठी १९२३ चा अधिनियम लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० त्याच्या जागी आली आहे. राज्य कामगार विम्याखालील कामगारास मात्र भरपाई मालकाकडून नव्हे, विमा महामंडळाकडून अपंगत्व लाभाच्या रूपाने मिळते.

घरून कामावर जाताना झालेला अपघात कामावरचा मानावा काय, हा वाद दीर्घकाळ चालला. सोलापूरला लागून असलेल्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला असता वाटेत अपघातात मरण पावला. आयुक्तांनी त्याच्या कुटुंबास तीन लाखांवर भरपाई दिली, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती पुन्हा बहाल केली. कामाची वेळ, ठिकाण आणि प्रवास यांचा संबंध दाखवता आला, तर तो अपघात कामामुळे झालेला समजावा, असे न्यायालयाने ठरवले. नव्या संहितेतही या प्रवासाचा समावेश आहे. रात्रपाळीस सायकलीवरून अक्कलकोट रस्ता किंवा चिंचोळी औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या कामगारांसाठी हा निर्णय मोलाचा आहे. त्यासाठी कुटुंबाला लागलेली बावीस वर्षे मात्र कोणत्याही व्याजाने भरून येत नाहीत.

मोठी दुर्घटना घडली की शासन साहाय्य जाहीर करते. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा बळी गेला, तेव्हा पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्य निधीतून मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख रुपये जाहीर झाले. असे साहाय्य म्हणजे सानुग्रह अनुदान. ते हक्काने मागता येत नाही आणि ते घेतल्याने भरपाईचा हक्कही संपत नाही. साहाय्याचा धनादेश मिळाला म्हणजे विषय संपला, असे समजून आयुक्तांकडे न जाणारी कुटुंबे आपला हक्क सोडून देतात.

खड्डा, वीजतार आणि सार्वजनिक यंत्रणा

दुसरे वाहनच नसेल, केवळ खड्ड्यामुळे दुचाकी घसरली असेल, तर पूर्वी जखमीस दिवाणी दाव्याखेरीज मार्ग नव्हता आणि तो कोणी चोखाळत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघड्या गटारांमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी सहा लाख आणि दुखापतीसाठी ५०,००० ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. दावे तपासण्यासाठी महापालिका आयुक्त व विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समित्या नेमण्यास सांगितले. हा आदेश मुंबई महानगर परिसरातील रस्त्यांविषयीच्या याचिकेत झालेला असला, तरी सुरक्षित रस्ता हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, हे त्यामागील तत्त्व सोलापूर महापालिकेच्या रस्त्यांनाही तितकेच लागू पडते. तुटून पडलेल्या वीजतारेमुळे झालेल्या इजेबाबत वीज कंपनीची जबाबदारी कडक स्वरूपाची आहे. कोणाची चूक हे न पाहता ती कंपनीवर येते, हे २००२ पासून निश्चित आहे.

निवाड्यानंतर रक्कम थेट हाती न देता तिचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत गुंतवण्याचा आदेश देते व त्यावरील व्याज दरमहा खात्यात जमा होते. हात गमावलेल्या मागवाल्याच्या घरात ही ठेव त्याच्या मजुरीच्या जागी येते. म्हणून दाव्याच्या सुरुवातीसच त्याच्या नावे स्वतंत्र बँक खाते उघडून त्याचा तपशील अर्जासोबत देणे इष्ट ठरते. पैसे न्यायालयात जमा होऊनही खात्याअभावी वाटप रखडल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत.